अर्ध्या पावलाची चूक

२००४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगमधल्या संघमालकांनी पगाराच्या वादातून टाळेबंदी पुकारली आणि सगळे सामने बंद पडले, तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि नुकताच आमच्या गावच्या, स्मरेचनोच्या संघाचा पहिला गोलकीपर झालो होतो. त्याआधी सहा वर्षं मी दुसरा होतो. दुसऱ्या गोलकीपरने करायचं काय, तर पहिल्यासारखाच सगळा जामानिमा अंगावर चढवायचा, सरावात घाम गाळायचा आणि सामना सुरू झाला की बाकाच्या टोकाशी बसून आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी मैदानाभोवतीच्या कठड्याचं दार उघडायचं. गावातले लोक मला दरवान म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या गोलकीपरचे गुडघे गेले आणि दरवानाला आत घेतलं.

पहिल्या आठ सामन्यांतले पाच आम्ही जिंकलो. मी बरा खेळत होतो. उपजत गोलकीपर नव्हतो मी कधीच, पण सहा वर्षं बाकावरून बघून बघून कुठे उभं राहायचं ते मला कळत होतं, आणि आमच्या कामात निम्मं तेवढंच असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सराव संपल्यावर कोच सेम्बेर साहेबांनी मला मागे थांबवलं. खाली वाकून स्वतःच्या स्केट्सच्या नाड्या सोडत होते, तसेच बोलले.

"एमिल, द्राहोश येतोय."

"भेटायला?"

"खेळायला."

नाडीची गाठ त्यांना सुटेना. मी वाकून सोडवून दिली.

द्राहोश पिल्का आमच्याच गावचा. माझ्याहून एक वर्षाने लहान. ज्युनियर संघात गोलमध्ये मी असायचो आणि दार तो उघडायचा. मग अठराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि तेरा वर्षांत कुठल्या कुठे पोचला. आमच्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या उपाहारगृहात त्याचा फोटो होता, त्याच्याखाली उभं राहून लोक बिअर प्यायचे. आता तिकडे दाराला कुलूप होतं आणि त्याच्यासारखे शेकडो खेळाडू आपापल्या किंवा परक्या देशांत जागा शोधत फिरत होते. त्याने मॉस्कोच्या एका संघाला नाही म्हटलं आणि आमच्या अध्यक्षांना स्वतःहून फोन केला. करारात एकच अट होती. टाळेबंदी उठली, की तो पहिल्या विमानाने परत जाणार.

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"आठवडा. महिना. वर्ष." सेम्बेर साहेब आता कुठे माझ्याकडे बघत होते. "मला कसं माहीत असणार? तू तयार राहा, म्हणजे झालं. तो उद्या गेला तर परवा गोलमध्ये तूच."

घरी आल्यावर इवेताला सांगितलं. इवेता, माझी बायको, वर डोंगरात फुप्फुसाच्या रुग्णांच्या आरोग्यधामात परिचारिका आहे. तिला वाईट बातम्या ऐकायची सवय आहे.

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? तो द्राहोश आहे."

"आणि तू कोण आहेस?" असं म्हणून ती बटाटे किसायला लागली.

* * *

गावाला वेड लागायचं बाकी होतं. बर्फाचं यंत्र चालवणारे अर्पाद काका, साठीचे, कुणाला कधी चांगलं न म्हणणारे, त्यांनी सुद्धा रिंकचा कठडा पुन्हा रंगवून काढला. द्राहोश आला तो दोन अवजड बॅगा घेऊन, आणि त्या त्याने उघडल्याच नाहीत. त्याच्या आईच्या, झेलमीरा काकूंच्या दोन खोल्यांच्या घरात त्या दारापाशीच पडून राहिल्या. लागेल तेवढं वरवरचं काढायचं, धुऊन पुन्हा तिथेच खुपसायचं. लहानपणीच्या पलंगावर झोपायचा, पाय बाहेर. बायको-मुलगा तिकडेच होते. आठवड्याभराचा तर प्रश्न, म्हणून.

रोज संध्याकाळी पाचला तो आमच्याकडे यायचा. अमेरिकेत तेव्हा कचेऱ्या उघडलेल्या असत आणि त्याच्या एजंटचा फोन येण्याची ती वेळ. घरी आईसमोर बोलायला नको वाटायचं त्याला. इवेता हालुश्कीची, बटाट्याच्या छोट्या उकडलेल्या गोळ्यांची ताटली पुढे करायची, मेंढीचं चीज घातलेली, वर कुरकुरीत चरबी. तो ती खिडकीशी उभ्या उभ्या खायचा, डोळा फोनवर.

"बस की रे," इवेता म्हणायची. "आमच्याकडे खुर्चीचं भाडं घेत नाहीत."

"बसलो की वाजतो मेला."

"मग वाजू दे ना! त्याचसाठी आणलायस ना?"

फोन वाजला की तो जिन्यात जायचा. परत आला की त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखायचा प्रयत्न करायचो. मालक आणि खेळाडूंची बोलणी पुढे सरकली असं तो म्हणाला की मी मनातल्या मनात पुन्हा गोलमध्ये उभा राहायचो. फिसकटली म्हणाला की मी "अरेरे" म्हणायचो आणि मला खरंच वाईट वाटायचं, फक्त त्याच्यासाठी नाही. आमची नऊ वर्षांची नोरा एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या माणसांसारखे दिसता." तिला रागावलो. नंतर वाटलं, का रागावलो?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मलाही एक फोन आला. सीमेपलीकडच्या पोलिश संघाचा. गाडीने आमच्यापासून दीड तास. संघ तळाला होता, गोलकीपर पळून गेला होता, मला पहिली जागा द्यायला तयार होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत नोंदणी करता येणार होती, तोवर कळवा म्हणाले. पगार बेताचा. प्रेक्षक पाचशे-सहाशे. मी म्हणालो, विचार करतो. आणि विचारच करत राहिलो. जायचं, आणि चार दिवसांनी टाळेबंदी उठली तर? राहायचं, आणि ती उठलीच नाही तर? झोपेत सुद्धा मी दार उघडत होतो.

* * *

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी मी कितीतरी वर्षं इवेता आणि द्राहोशशिवाय कुणालाच सांगितली नव्हती.

द्राहोश खराब खेळत होता.

पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले, तेव्हा लोक म्हणाले, प्रवासाचा थकवा. दुसऱ्यात पाच, तेव्हा म्हणाले, बचावफळी झोपली होती. पाचव्या सामन्याला कुणी काही म्हणालं नाही, नुसत्या शिट्ट्या वाजल्या. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवी.

पण मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सरावात मी त्याच्या गोलच्या मागे, जाळीपलीकडे उभा होतो, आणि तिथून ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मला वाटलं आता सगळ्यांनाच दिसेल. आमचा रिंक अमेरिकेतल्या रिंकपेक्षा रुंद आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर. गोलकीपर दर वेळी खाली रेषेकडे बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून कठडा बघतो आणि अंगाला कळतं आपण कुठे आहोत. द्राहोशच्या अंगाला तेरा वर्षांत अरुंद रिंकची सवय झाली होती. उजव्या बाजूने कुणी रबरी चकती घेऊन आलं की तो जवळच्या खांबाला अर्धं पाऊल जास्त चिकटायचा. अर्धंच पाऊल. पण मागे लांबचा कोपरा दार उघडं ठेवल्यासारखा मोकळा राहायचा, आणि चकती तिथूनच आत जायची, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे तेव्हा गोलकीपरांचा वेगळा कोच नव्हता. सेम्बेर साहेब जुने आक्रमक खेळाडू, ते बाजूने बघायचे. बाजूने दिसत नाही ते.

मला एक वाक्य बोलायचं होतं. "द्राहोश, उजवीकडे अर्धं पाऊल बाहेर ये." एवढंच.

बोललो नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, एवढ्या मोठ्या खेळाडूला मी काय शिकवणार. दुसऱ्या दिवशी म्हटलं, येईल त्याचं त्यालाच लक्षात. नंतर नंतर कारणंही शोधली नाहीत. बाकावर बसून त्याच्या उजव्या बाजूने येणारा खेळाडू बघायचो आणि मला आधी कळायचं की हा गोल होणार. झाला की दार उघडायचो. एका मंगळवारी चौथ्या गोलनंतर वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "दरवानाला घाला!" मग दहा जण, मग शंभर. मला आत घ्या म्हणून ते ओरडत होते. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघितली होती. आणि मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी हातमोज्याची शिवण बघत बसलो.

कपडे बदलताना द्राहोश माझ्या शेजारी येऊन बसला.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

"सोड रे. ओरडतात ते."

"नाही. बरोबर आहे." आणि मग त्याने फोन काढला आणि बघितला. त्या वेळी तिकडे सगळे जेवायला गेलेले असणार, फोन येणार नव्हता, तरी बघितला.

* * *

एकोणीस नोव्हेंबरला, शुक्रवारी दुपारी, वादळ आलं. आमच्या बाजूला त्या दिवसाबद्दल कुणाला विचारा, तो कुठे होता ते सांगेल. मी नोराला शाळेतून आणत होतो. रस्त्यावर छपरांचे पत्रे कागदासारखे उडत होते. आम्ही एका दुकानात शिरलो आणि काचेतून बघत राहिलो. तात्रा डोंगराच्या उतारावरचं जंगल, जे माझ्या आजोबांच्या आधीपासून तिथे होतं, ते आडवं होत होतं. एकेक झाड नाही, वाऱ्याने गवत लोळावं तसं सगळंच एकदम. वीज गेली. फोन गेले. संध्याकाळचा सामना रद्द झाला हे सांगायलाही कुणी आलं नाही, गरजही नव्हती.

इवेता वर होती. आरोग्यधाम त्याच जंगलाच्या मधोमध.

रात्रभर खाली वाट बघितली. रस्ता बंद, अग्निशमनवाले वर जाऊ देत नव्हते. उजाडताच मी नोराला झेलमीरा काकूंकडे नेलं. दारात द्राहोश बूट घालून तयार उभा होता, जणू मी येणार हे त्याला माहीत होतं.

"मीही येतो."

"तुला काही झालं तर गाव मला फाडून खाईल."

"गाव तुला मिठाई वाटेल," तो म्हणाला. "चल."

गाडी दोन किलोमीटर गेली, मग खोडंच खोडं. उरलेले सहा आम्ही चालत गेलो, चालत म्हणजे खोडांवरून चढत, खालून सरपटत. मुळं मातीसकट उपटून उभी राहिली होती, घराएवढी. डिंकाचा असा वास होता की डोळ्यांत पाणी येत होतं. सगळीकडे लख्ख उजेड. त्या रस्त्यावर मी कधी आभाळ बघितलं नव्हतं. मी पळत होतो, धडपडत होतो, इवेताला हाका मारत होतो, अजून पाच किलोमीटर असताना. द्राहोश मागून म्हणाला, "एमिल, श्वास घे. दमलास तर तिथे पोचून काय करशील?"

एका आडव्या खोडावर आम्ही क्षणभर टेकलो. त्याने सवयीने फोन काढला. संपर्क नव्हताच. त्याने तो खिशात ठेवला आणि मग बोलायला लागला, समोर बघत.

"मी गेल्या आठवड्यात शहरात, कोशित्सेला गेलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आईला सांगितलं, टायर बदलायला जातोय."

"डोळ्यांच्या?"

"मला चकती उशिरा दिसते. उजवीकडून आली की दिसतच नाही, आत गेली की कळतं. डॉक्टर म्हणतो डोळे ठणठणीत आहेत. मग डोकं असेल. एजंटला सांगितलेलं नाही. बायकोला पण नाही." तो थांबला. "मला वाटतं मी संपलो, एमिल. रोज टाळेबंदी उठायची वाट बघतो आणि रोज भीती वाटते की उठेल. तिकडे जाऊन कसा उभा राहू?"

मला आठवतं, त्याच्या टोपीवर लाकडाचा भुसा होता. मी तो बघत होतो. आणि मग मी बोललो.

"तुझे डोळे बरे आहेत. तू उजवीकडे खांबाला अर्धं पाऊल जास्त चिकटतोस. आपला कठडा लांब आहे. तुझा अंदाज तिकडच्या कठड्याचा आहे."

तो माझ्याकडे वळला. खेळाडूला असं काही सांगितलं की तो मनातल्या मनात बर्फावर जातो, आपले गोल एकेक करून पुन्हा बघतो. तो तेच करत होता. मला दिसत होतं.

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, मंगळवारी.

"पहिल्या आठवड्यात."

"सहा आठवडे झाले."

"हो."

"सहा आठवडे तू माझ्या शेजारी बसून..." तो उठला. मला वाटलं मारतो आता, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्या कोटाची कॉलर धरली, मला उठवून उभं केलं आणि ढकलून पुढे केलं. "चल. तुझी बायको वर आहे."

पुढे अजून दोन तास लागले. मोठं खोड आलं की तो आधी चढायचा आणि मला हात द्यायचा. हात द्यायचा, पण बघायचा नाही.

आरोग्यधामाचं अर्धं छप्पर गेलं होतं. इवेता मागच्या अंगणात होती, अंगावर कुण्या रुग्णाचा पुरुषी कोट, समोर विटांच्या चुलीवर सूपचं भलंमोठं पातेलं. तिने आम्हाला बघितलं आणि पळी हातातून पडली. मग उचलली.

"नोरा कुठाय?"

"झेलमीरा काकूंकडे. ठीक आहे."

"मग असे मेल्यासारखे का दिसताय दोघं?" आणि मग ती मला घट्ट बिलगून रडली, अगदी थोडं, आणि डोळे पुसून म्हणाली, "चाळीस माणसं आहेत आत, गरम पाणी नाही. आलाच आहात तर लाकडं फोडा."

आम्ही अंधार पडेपर्यंत लाकडं फोडली. एक म्हातारा पांघरूण गुंडाळून खिडकीत बसला होता. त्याने द्राहोशला ओळखलं आणि ओरडला, "अहो पिल्का! कुऱ्हाडीने तरी अडवा काहीतरी!" द्राहोश हसला. दिवसभरात पहिल्यांदा.

* * *

सोमवारी वीज आली नव्हती, पण रिंकच्या वरच्या खिडक्यांतून उजेड येत होता आणि बाहेर इतकी थंडी होती की बर्फ टिकला होता. द्राहोश मला न्यायला आला. "दोर घे," म्हणाला.

दोन्ही खांबांना दोर बांधायचे, त्यांची टोकं चकतीपाशी एकत्र आणायची, आणि गोलकीपरने त्या दोन दोरांच्या मध्ये उभं राहायचं, म्हणजे किती गोल उघडा आहे ते डोळ्यांना दिसतं. जुनी पद्धत आहे. अर्पाद काका टोक धरून उभे राहिले, कुरकुरत. मी चकती हलवायचो, तो उभा राहायचा, मी म्हणायचो, "बाहेर. अजून. थांब." पाचशे वेळा केलं असेल. दुपारी त्याने मुखवटा वर केला.

"मी तुझ्या जागी असतो तर बोललो असतो का, ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "दोन दिवस त्याचाच विचार करतोय."

मी चकती पुन्हा उजवीकडे सरकवली.

"पण तू हरामखोर आहेस."

"आहे."

"पुन्हा. उजवीकडून."

वीज आल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने एकही गोल खाल्ला नाही. पुढच्या सहांपैकी आम्ही पाच जिंकले. तो असा खेळत होता की दार उघडायचं विसरून मी बघत बसायचो आणि खेळाडू कठड्यावर हात आपटून मला शिव्या घालायचे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आमच्याकडे आला तो धावतच. खेळाडूंच्या संघटनेने स्वतःच्याच पगारकपातीचा मोठा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला होता. एजंट म्हणाला होता, बॅग भर, आठवड्यात उठते. बॅग भरलेलीच होती. त्याचा चेहरा नुसता पेटला होता. सगळ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता.

"एमिल, पोलंडला कळवू नकोस. मी चाललो. हा रिंक तुझा."

दुसऱ्या दिवशी सेम्बेर साहेबही तेच म्हणाले. "सही करू नकोस. चार दिवस कळ काढ. तो गेलाच म्हणून समज."

पोलिश संघाची मुदत परवा संपत होती.

त्या रात्री, म्हणजे जेवतानाच, मी इवेताला विचारलं, "काय करू?"

"मी सांगितलं तर करशील?"

"नाही बहुतेक."

"मग विचारतोस कशाला?" तिने नोराच्या ताटलीत कोबी वाढली. "मला एवढंच कळतं की तू घरात असलास की भांडीसुद्धा चुळबुळ करतात. मी रोज डोंगरात जाते, तू तिकडे जा. रविवारी घरी ये. पण कुणीतरी जाण्याची वाट बघत बसू नकोस. ते मला बघवत नाही."

सकाळी मी गाडी काढली. वादळामुळे घाटातला रस्ता अजून एकेरीच होता, दोन्ही बाजूंना कापलेल्या खोडांच्या राशी. सीमेवर चौकीवाल्याने पासपोर्ट बघून विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, "गोलकीपर आहे." तो म्हणाला, "तुमच्याकडे तर पिल्का आहे ना?" मी म्हणालो, "म्हणूनच." आणि पलीकडे जाऊन सही केली.

पाच दिवसांनी अमेरिकेतली बोलणी फिसकटली. द्राहोश राहिला.

मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तळाच्या संघाच्या गोलमध्ये उभा होतो, एका सामन्यात चाळीस-पन्नास फटके अडवत होतो आणि हरत होतो. पाठीमागे कुणी नव्हतं, ज्याच्यासाठी जागा धरून ठेवायची. पुढेही कुणी नव्हतं. तरी पहिले दोन महिने सामना सुरू होण्याआधी मी बाकाकडे बघायचो, तिथे कोण आहे ते.

* * *

सोळा फेब्रुवारीला मी घरी होतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला द्राहोश आला. त्याच्या एजंटने टीव्ही लावायला सांगितलं होतं. आम्ही चौघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. बातम्यांत सांगितलं की तिकडचा सगळा हंगाम रद्द. या वर्षी एकही सामना होणार नाही.

इवेताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नोरा त्याच्या तोंडाकडे बघत होती, रडतो का म्हणून. त्याने फोन काढला, बंद केला आणि टेबलावर ठेवला.

"हालुश्की आहेत का?" त्याने विचारलं.

दोन ताटल्या खाल्ल्या, बसून. आणि मग सोफ्यावरच आडवा झाला आणि आठ वाजायच्या आत घोरायला लागला, बूट पायातच. आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी झेलमीरा काकूंनी त्या दोन बॅगा रिकाम्या करून माळ्यावर टाकल्या. मार्चमध्ये त्याची बायको मुलाला घेऊन आली. स्मरेचनो उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि तिथे सातांपैकी शेवटच्या सामन्यात हरलं. तो सामना मी प्रेक्षकांत बसून बघितला, तिकीट काढून. आमचा पोलिश संघ त्याच आठवड्यात कसाबसा खालच्या वर्गात घसरण्यापासून वाचला होता. ती बातमी आमच्याकडच्या पेपरात आली नाही.

जुलैत टाळेबंदी उठली. सप्टेंबरात मी द्राहोशला पोलंडमधल्या क्राकोवच्या विमानतळावर सोडलं, कारण मला तिकडेच सरावाला जायचं होतं. सगळ्या रस्त्याभर तो खिडकीची काच खाली-वर करत होता. तिकडे पोचल्यावर त्याला कळलं की त्याच्या संघाने वर्षभर खालच्या लीगमध्ये एक बावीस वर्षांचा गोलकीपर तयार केला होता. त्या लीगला टाळेबंदी नव्हती. द्राहोशला बाकावर बसवलं, आणि नाताळच्या आधी करार संपवून मोकळं केलं.

जानेवारीत त्याचा फोन आला. मी पोलंडमध्ये रिंकच्या आवारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. इवेता कशी आहे, नोरा कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाला, "तुमच्या तिकडे कुणाला गोलकीपर हवाय का रे?"

मी हसलो. त्याने हसण्यात साथ दिली नाही, तेव्हा कळलं की तो खरंच विचारतोय.

आमच्या संघाला गोलकीपर होता. तो मी होतो. मी फक्त द्राहोशचं नाव सुचवलं असतं तर आमच्या अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी मला बाकावर बसवलं असतं आणि वर माझीच पाठ थोपटली असती.

"नाही रे," मी म्हणालो. "इथे जागा नाही."

मी पुन्हा काच खरवडायला लागलो.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "उगाच विचारलं."

पंधरा दिवसांनी त्याला स्वीडनच्या दुसऱ्या वर्गातल्या एका संघात जागा मिळाली. मीच सेम्बेर साहेबांना सांगून त्यांच्या ओळखीने फोन लावून दिला होता, हे त्याला माहीत आहे. त्याआधी, साहेबांची ती ओळख आठवत असूनही, मी चार दिवस थांबलो होतो, हे माहीत नाही. मी पोलंडमध्ये अजून चार हंगाम खेळलो.